भामाची हजेरी

वीज गेली तर जाऊ दे, इन्व्हर्टर लावू नका. बंटी, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर आणि गॅलरीचं दार लोटून घे. चऱ्होलीत रात्री नदीकडून गार वारं येतं. नेहा, तू मघाशी म्हणालीस ना, भुताच्या गोष्टी सगळ्या वडाखालच्या आणि विहिरीवरच्या? ही घे नवी. चाकणची, कंपनीतली. आणि अर्णव, तू संगणकाचं शिकतोस, म्हणजे तू मध्ये बोलणारच. बोल, पण शेवटपर्यंत ऐकून बोल.

ज्याच्यावर हे गुदरलं तो माझ्या चांगल्या ओळखीचा. सिद्धेश ओव्हाळ. राहायला चिखलीत, भाड्याच्या खोलीत, एकटा. वडील पिंपरीत फिटर होते, आता नाहीत. ते पोराला सांगायचे, "भूतबीत काही नसतं रे, असतो तो ठेकेदार." आणि पोरगा नेमका ठेकेदाराकडेच कामाला लागला. कंपन्यांमध्ये जाऊन सर्व्हर बसवून द्यायचे, हे त्याचं काम.

रात्र होती २६ डिसेंबर २०२४ची. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. गुरुवार अशासाठी, की आपल्याकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. कामगार नाहीत, शिफ्ट नाही, म्हणून असली कामं त्याच रात्री काढतात. चाकणच्या पुढे म्हाळुंग्याच्या अंगाला गाड्यांचे सुटे भाग करणारी एक कंपनी आहे. नाव सांगत नाही. तिथे तीन नवे सर्व्हर एकत्र जोडायचे आणि तिघांत मिळून फायलींचा एक सामाईक साठा करून द्यायचा, एवढंच काम.

बंटी, तुला कळेल असं सांगतो. समज, एका कचेरीत तीन कारकून आहेत आणि कपाट एकच. तिघांना त्याच कपाटात हात घालायचा आहे. दोघांनी एकाच वेळी एकाच कागदावर लिहिलं की कागद गेला. म्हणून ते एकमेकांना सतत विचारत राहतात. आहेस का? आहे. आहेस का? आहे. अखंड, रात्रंदिवस. ही त्यांची हजेरी. आणि नियम असा, की तिघांपैकी दोघं हजर असतील तरच कपाट उघडायचं. एकट्यानं उघडायचं नाही. कारण एकटा पडलेला कारकून काय समजेल? बाकीचे मेले. ते मेलेले नसतातच, याचीच तार तुटलेली असते. म्हणून एकट्याच्या शब्दावर भरवसा ठेवत नाहीत.

एवढं लक्षात ठेवा. एकट्याचं चालत नाही.

माणसांसाठीही असा नियम होता बरं का. सर्व्हर रूममध्ये रात्री काम असेल तर दोघांनी जायचं. कागदावर होता. ठेकेदारानं दुसऱ्या माणसाला, जयदीपला, त्याच संध्याकाळी रावेतच्या एका कामावर पाठवून दिलं. "तू एकटा करशील रे, हुशार आहेस." माणसाला हुशार म्हटलं की दोघांचं काम एकाकडून फुकटात होतं. तीस वर्षं बातमीदारी केली, हे वाक्य मी प्रत्येक अपघाताच्या आधी कुणीतरी बोललेलं ऐकलं आहे.

तर सिद्धेश मोटरसायकलवर निघाला. मोशी, आळंदी फाटा, चाकण. थंडी अशी की गेटवर पोचेपर्यंत छाती वाजायला लागली. त्याला लहानपणापासून दमा. गेटवर उतरून त्यानं पहिल्यांदा बॅगेतला पंप काढला, तोंडात दोनदा मारला आणि परत बॅगेत टाकला.

गेटवर खंडू होता. साठीचा माणूस. ही कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे तिथे याच्या बापाची ज्वारी असायची. आता तो तिथेच गणवेश घालून लोकांच्या बॅगा तपासतो.

"बॅग हितं ठिवा, साहेब. लॅपटॉप तेवढा आत न्यायचा."

"बरं मामा."

"आन् ह्यो शिरा खावा. आमच्या कारभारनीचा, अंबूबाईचा, आज शेवटचा गुरुवार. उद्यापन हाय."

सिद्धेशनं उभ्या उभ्या खाल्ला. खंडूनं त्याच्या मागं बघितलं.

"एकलंच आलाव?"

"एकटाच. का हो?"

"न्हाई, काई न्हाई." खंडूनं द्रोण मुरगाळला. "मुकुंदसाहेबबी एकलंच असायचं."

मुकुंद देवस्थळी. हे नाव मला माहीत होतं, सिद्धेशला नव्हतं. अकरा वर्षं त्या कंपनीचे सर्व्हर ह्या एका माणसानं सांभाळले. लग्न केलं नव्हतं. दिवाळीलाही तिथेच. कागदोपत्री मात्र कंपनीचा नाही, कुठल्यातरी एजन्सीचा.

"साहेब दर रात्री आतनं फोन करायचं," खंडू म्हणाला. "इंटरकॉमवर. तासा-तासाला. 'खंडू, आहेस का रे?' मी म्हनायचो, 'हाय साहेब.' बास, फोन ठेवायचं. दुसरं काय बी बोलनं न्हाई. मला हसू यायचं. म्हनलं, मी कुठं जातूय? मागल्या साली आसाच गुरुवार व्हता, फोन यायचा थांबला. मला वाटलं, डोळा लागला आसंल. सकाळी दार उघडलं तर..."

खंडूनं रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाला, "सही करा."

पुढचं मी सांगतो, कारण ती बातमी मी केली होती. हृदयविकार. सर्व्हर रूममध्ये, दाराशी. खुर्चीत नव्हे, दाराशी. मी विचारलं, दाराशी का? कंपनीकडून चार ओळींचा खुलासा आला, 'सदर व्यक्ती त्या वेळी कर्तव्यावर नव्हती.' कर्तव्यावर नव्हती! मग सुट्टीच्या रात्री सर्व्हर रूममध्ये काय हुरडा खायला गेली होती? माझी बातमी कापून कापून त्या चार ओळींएवढीच उरली. माणसाच्या मागे रडायला कुणी नव्हतं, म्हणून भांडायलाही कुणी नव्हतं. संपलं प्रकरण.

सिद्धेशला यातलं कुणी सांगितलं नाही. मॅनेजर संध्याकाळीच येऊन मोठा पासवर्ड स्वतःच्या हातानं टाकून गेला होता आणि सुट्टीला महाबळेश्वर गाठत होता. कंत्राटी माणसाच्या हाती किल्ली द्यायची नाही, काम तेवढं घ्यायचं.

सर्व्हर रूम पहिल्या मजल्याच्या टोकाला. खिडकी नाही. दार लोखंडी, आगीला न जुमानणारं. आत जायला कार्ड, बाहेर यायलाही कार्ड. आतून साधी कडी नाही. आतला गारठा असा की बोटं वळत नाहीत. समोर लोखंडी मांडणीत तीन नवे सर्व्हर आणि त्यांच्यावर जुन्या चिकटपट्ट्या, सुबक अक्षरात. पवना. इंद्रायणी. मुळा. मुकुंदरावांनी आपल्या मशीनना नद्यांची नावं दिली होती. नवी मशीनं आली तरी नावं तीच ठेवली गेली.

सगळ्यात खाली एक चौथा डबा होता. जुना. तेवढाच उरला होता, कारण त्याचे दोन स्क्रू गंजून जाम झाले होते आणि भंगारवाल्यानं कंटाळून सोडून दिला होता. त्याच्यावरची पट्टी, भामा.

सिद्धेशनं कामाला सुरुवात केली. जुना साठा बंद केला, फायली नव्याकडे हलवल्या, तिन्ही मशीनना एकमेकांची ओळख करून दिली. पडद्यावर हजेरी उमटली. पवना, हजर. इंद्रायणी, हजर. मुळा, हजर. आणि त्याखाली एक चौथी ओळ आली.

भामा.

पुढे काही नाही. नुसतं नाव.

काय म्हणालास अर्णव? जुन्या यादीतून आलं असेल? त्यालाही तेच वाटलं. त्यानं नाव पुसलं. दुसरं काहीतरी करून परत बघतो तर नाव जागेवर. पुन्हा पुसलं. पुन्हा आलं. मग वैतागून मांडणीच्या मागे गेला, वाकून पाहिलं. भामाला वीज नव्हती. तार नव्हती. मागच्या भोकांत कोळ्यानं जाळं केलं होतं.

म्हणाला, असू दे. सकाळी बघू.

अकरा वाजून गेले असतील. त्याला चहा हवा होता आणि छाती पुन्हा आवळायला लागली होती. पंप गेटवर. तो उठला, दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल.

आता इथे चूक कळते का बघा. दाराचं कुलूप चालवणारा जो प्रोग्रॅम होता, त्याच्या फायलीसुद्धा त्याच सामाईक साठ्यात होत्या. कुणाचं कार्ड चालतं, कुणाचं नाही, ती सगळी यादी. सिद्धेशनं तो साठा हलवण्यासाठी बंद केला होता. म्हणजे खोलीत बसून त्यानं स्वतःच्याच हातानं स्वतःला कोंडून घेतलं होतं. ही चूक चोर करणार नाही, शिपाई करणार नाही. ही चूक फक्त सर्व्हरवालाच करू शकतो.

आणि ती त्याच्या आधी एकानं केली होती.

हे मला नंतर, त्याच्याकडून ऐकताना कळलं. दाराशी का, ते.

दाराजवळ संकटकाळी दाबायचं हिरवं बटण होतं. त्यानं दाबलं. काही नाही. खुंटी उपटावी तसं ते हातात आलं. मागे वायरच नव्हती. वर्षभरापूर्वी इथे एक माणूस मेला आणि या लोकांनी वायर जोडली नव्हती! ...असो. इंटरकॉम उचलला. तोही त्याच मशीनवर चालायचा, मुका झाला होता. मोबाइलला त्या पत्र्याच्या खोलीत रेंज नाही. बाहेरचं इंटरनेट कारखान्यात बंद. दार बडवलं. ऐकणार कोण? सगळा मजला रिकामा, गेट लांब.

तरी तो घाबरला नाही. साठा पुन्हा चालू केला की दार उघडेल. पाच-दहा मिनिटांचं काम.

तेवढ्यात वीज गेली.

एसी बंद पडला. जनरेटर लागला नाही, जनरेटरवाल्याची सुट्टी. आणि घाईत इंद्रायणी आणि मुळाच्या वायरी त्यानं बॅटरीच्या बोर्डाऐवजी साध्या बोर्डात खुपसल्या होत्या. दोन्ही मेल्या. वायर बदलून पाहिली, तर जुनी बॅटरी भार पेलेना, किंचाळायला लागली. ती गेली असती तर सगळंच गेलं असतं. त्यानं वायर उपटली.

पवना तेवढी जिवंत राहिली. एकटी.

आणि एकट्याचं चालत नाही.

जबरदस्तीनं कपाट उघडायची सोय असते, पण त्याला मॅनेजरचा पासवर्ड लागत होता. दाराच्या कुलपाची बॅटरी वेगळी होती, ती ठणठणीत. कंपनीनं तेवढी नीट घेतली होती.

अंधार. लॅपटॉपचा उजेड तेवढा. त्यानं मागचे पॅनल काढले होते, त्याची धूळ हवेत. गारठा जाऊन उबारा चढायला लागला. श्वास आखडला. दमेकऱ्याला विचारा, श्वास आत घेता येतो, बाहेर सोडता येत नाही. तो जमिनीवर बसला. दाराला पाठ लावून. जिथे मुकुंदराव सापडले होते तिथेच, हे त्याला माहीत नव्हतं.

मांडीवर पडदा.

पवना, हजर.

इंद्रायणी, गैरहजर.

मुळा, गैरहजर.

भामा.

पवना विचारत होती. आहेस का? कुणी नाही. आहेस का? कुणी नाही. मशीनच ते, थकत नाही.

मला तो नंतर म्हणाला, "काका, मरायची भीती नाही वाटली हो. एवढंच वाटलं, की सकाळपर्यंत कुणी विचारणार नाही. चिखलीच्या खोलीत मी गेलो नाही, तरी कुणी विचारणार नाही. यंत्रं एकमेकांना दर सेकंदाला विचारतात. मला शेवटचं कुणी विचारलं होतं, ते आठवत होतो... आठवेना."

बोलायला श्वास नव्हता. तरी तो बोलला. का बोलला, कुणाला बोलला...

"आहे का... कुणी?"

शांत.

पवनाचा पंखा.

शांत.

मशीन उत्तर देतं ना, ते पापणी लवायच्या आत देतं. हो किंवा नाही. उशीर करत नाही.

हे उत्तर हळू आलं.

आधी 'ह'... मग थांबलं. कुणीतरी अंधारात चष्मा चाचपत असावं, तसं. मग 'ज'...

भामा, हजर.

दोन झाले.

पडद्यावर ओळी पळायला लागल्या. कपाट उघडलं. त्यानं बसल्या बसल्या कार्ड वर दाराला टेकवलं. त्याच्या पाठीमागे, दारात... टक.

हिरवा दिवा.

तो उलथा बाहेर पडला. कॉरिडॉरमध्ये. ओठ निळे. आणि समोरून, अंधारातून, टॉर्च हलत येत होता. खंडू. साठीचा माणूस, धावत. काखेत सिद्धेशची बॅग.

पंप मारला. एकदा. दोनदा. चारदा. किती वेळ दोघं फरशीवर बसून होते कुणास ठाऊक. मग सिद्धेशनं विचारलं, "मामा, तुम्हाला कसं कळलं?"

खंडूनं टॉर्च फरशीवर टेकवला.

"फोन आला."

"कसला फोन? इंटरकॉम बंद आहे. सगळा बंद आहे."

"व्हय. बंदच हाय. दिवाबी न्हाई त्याच्यात." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तरी वाजला. उचलला. 'खंडू, आहेस का रे?' म्या म्हनलं, हाय साहेब... आन् मग फोन ठेवला न्हाई त्यांनी. नुसता श्वास. आखडल्यावानी. तुमी मगा गेटवर घेत व्हता तसा. म्हनून बॅग उचलली." मग हळूच म्हणाला, "मागल्या टायमाला मला वाटलं, डोळा लागला आसंल. ह्या टायमाला न्हाई वाटून घेतलं."

सकाळी सिद्धेश लॅपटॉप आणायला परत वर गेला. खंडू सोबत. वीज रात्रीच परत आली होती, एसी तेव्हापासून चालू होता, खोली पुन्हा बर्फ. पडद्यावर तीन नावं होती. पवना, इंद्रायणी, मुळा. तिन्ही हजर. चौथी ओळ नव्हती. अर्णव, मला माहीत आहे तू काय म्हणणार. श्वास कोंडल्यावर माणसाला काहीही दिसतं. बरोबर. मीही हेच म्हणालो असतो.

मग सिद्धेशनं खाली वाकून भामावर हात ठेवला. बाकीचं लोखंड हाताला चटका बसेल इतकं थंड. आणि हा डबा...

गरम होता. तापलेला नाही. माणसाचा तळहात असतो, तेवढा.

त्यानं स्क्रू उलटे सुलटे पिळून काढले. रात्री जाम असलेले स्क्रू, सरळ निघाले. झाकण उघडलं. आत काही नव्हतं. डिस्क नाही, पंखा नाही, वायरीचा तुकडासुद्धा नाही. सगळं कधीच काढून नेलेलं. नुसता पत्र्याचा रिकामा डबा.

तो डबा घेऊन सिद्धेश थेट माझ्याकडे आला, कारण माझी ती चार ओळींची बातमी त्यानं शोधून काढली होती. मी पेटून उठलो. मी पुन्हा लिहिलं, या वेळी बटणाचं, वायरीचं, कडीचं. कंपनीनं आधी म्हटलं असं काही घडलंच नाही, मग म्हटलं ते किरकोळ होतं. शेवटी त्या दाराला आतून कडी बसली. साधी, हातानं सरकवायची. आता तिचं श्रेय घ्यायला तिघं जण पुढे आलेत. मुकुंद देवस्थळी कर्तव्यावर होते, हे मात्र अजून कुणी लिहून दिलेलं नाही. गरम डबा दाखवून ते सिद्ध होत नाही, हे मला कळतं.

सिद्धेश पुढे नाशिकला गेला. जाताना डबा माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, "काका, भंगारात देऊ नका. आणि एकटं ठेवू नका."

नेहा, तुझ्या पायाशी जे कापडानं झाकलंय ना, ज्याच्यावर मघाशी तू चहाचा कप ठेवलास... हो. तोच.

नको, उठू नकोस. त्यानं कुणाचं काही केलेलं नाही.

अर्णव, तू ये. तुझा विश्वास नाही ना? चांगलं आहे. असा बस. कापड बाजूला कर. आधी फरशीला हात लाव. गार आहे? आहेच, डिसेंबर आहे, आणि वीज जाऊन तास झाला. आता झाकणावर ठेव. पूर्ण तळवा.

...

काय रे?

...

काढू नकोस हात. राहू दे. थोडा वेळ राहू दे तसाच.